भाषांचं नातं मोजताना उसने शब्द कसे गाळावेत

मराठी गुजरातीला किती जवळ आणि कन्नडला किती, हे शब्द मोजून ठरवायचं असेल तर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांची १०० शब्दांची यादी घ्या. अवयव, पाणी, आग, एक-दोन, मी-तू असे रोजचे शब्द. स्वतःची यादी करत बसू नका. तीत आपल्याला हवं तेच उत्तर निघतं.

प्रत्येक भाषेला एक रकाना आखा. शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून घ्या, कोश हटकून तत्सम शब्द पुढे करतो.

आता जुळणी. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. 'कानाला सारखे लागले की एकाच मुळाचे' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. 'रक्त'ची ओळ बघा. मराठी रक्त, कन्नड रक्त, गुजराती लोही. म्हणजे मराठी कन्नडची सख्खी बहीण? कन्नडचा घरचा शब्द नेत्तरु. रक्त दोघींनी संस्कृतातून उचललेलं. अशी ओळ मोजायचीच नाही, एकूण संख्येतूनही वजा करायची. उलट गुजराती 'बे' आणि मराठी 'दोन' दिसायला परके, पण दोन्हींचं मूळ एकच. आणि फारसी 'बद', इंग्रजी 'बॅड'? अर्थही तोच, तरी निव्वळ योगायोग.

मग ओळखायचं कसं? एका जोडीवर भुलू नका. उच्चारातला तोच फरक पुन्हा पुन्हा येतो का, ते तपासा. तमिळ पल्, कन्नड हल्लु (दात). पाल्, हालु (दूध). पुलि, हुलि (वाघ). सुरुवातीच्या 'प'चा कन्नडमध्ये 'ह' झाला. दूध आणि वाघ यादीत नाहीत, पण पडताळ्याला बाहेरचे शब्द खुशाल घ्या. कन्नड 'पुस्तक'चा 'प' मात्र जागच्या जागी आहे. उसना माल बऱ्याचदा असाच पकडला जातो. जुन्या काळी आलेले उसने शब्द मात्र या चाळणीतूनही निसटतात, तेव्हा शंका आली की व्युत्पत्तिकोश उघडाच.

पुढे नुसता भागाकार: जुळलेल्या ओळी भागिले मोजलेल्या ओळी, गुणिले १००.

त्या टक्क्यांवरून 'अमुक हजार वर्षांपूर्वी भाषा वेगळ्या झाल्या' असं काढू नका. हजार वर्षांत यादीतले सुमारे ८६ टक्के शब्द टिकतात, हे त्यामागचं गृहीतक. बर्गस्लँड आणि फोग्ट या नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं की आइसलँडिकमध्ये शब्द त्याहून कितीतरी हळू बदलले. तरी हा हिशेब अजून लोक मांडतात!

टक्क्यांसोबत गाळलेल्या ओळीही कारणासकट द्या. त्याशिवाय तुमचा आकडा दुसऱ्याला तपासता येणार नाही.