बडा लष्करी अधिकारी बंडखोरांना मिळतो, तेव्हा ती बातमी कशी वाचावी

यादवी युद्ध पेटलेल्या एखाद्या देशातून ‘सरकारी सैन्याचा जनरल बंडखोरांना जाऊन मिळाला’ अशी बातमी आली, की त्याच दिवसापासून राजवटीच्या शेवटाची भाकिते सुरू होतात. जुलै 2012 मध्ये सीरियाच्या रिपब्लिकन गार्ड या राजवटीच्या रक्षणासाठीच्या खास दलाचे ब्रिगेडियर जनरल मनाफ त्लास देश सोडून गेले तेव्हा असेच घडले. परंतु राष्ट्राध्यक्ष बशर अल-असाद यांची सत्ता त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळ, म्हणजे डिसेंबर 2024 पर्यंत टिकली. याउलट मे 1983 मध्ये दक्षिण सुदानातील बोर येथे बंड करून उठलेल्या शिबंदीला कर्नल जॉन गरांग जाऊन मिळाले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सैन्याने खार्टूममधील सुदानच्या सरकारशी 2005 च्या शांतता करारापर्यंत युद्ध चालवले. अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या चिन्हांवरून अशा बातमीचे वजन ठरवता येत नाही. ते ठरवायचे असेल तर काही गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात, आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला, परराष्ट्र वार्तांच्या अनुवादकाला किंवा ज्याचे नातेवाईक अशा देशात नोकरीला आहेत त्या कुटुंबाला ही तपासणी घरबसल्या करता येते.

सर्वप्रथम, बातमी कोणाच्या तोंडून आली आहे ते पाहावे. बंडखोरांच्या प्रवक्त्याला अशी बातमी लवकर फोडण्यात रस असतो आणि सरकारला ती दडपण्यात, म्हणून या दोघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या शब्दावर विसंबू नये. सीरियात 2011 पासून सैन्य सोडणारे अधिकारी स्वतःच्या चित्रफिती प्रसिद्ध करू लागले; त्यांत ते नाव, हुद्दा आणि तुकडी सांगत आणि लष्करी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरत. हा पुरावा उपयोगी असला तरी त्यावरून माणसाची ओळख तेवढी पटते. त्याच्यामागे किती सैनिक आहेत हे कळत नाही. नावांच्या बाबतीतही काळजी घ्यावी, कारण बंडखोरांच्या स्वतंत्र सीरियन सेनेची घोषणा करणारे कर्नल रियाद अल-असअद आणि राष्ट्राध्यक्ष असाद यांची नावे देवनागरीत जवळजवळ सारखीच उमटतात आणि घाईत केलेल्या अनुवादात वाचकाची दिशाभूल होऊ शकते.

पुढे तोच अधिकारी आपले शब्द मागे घेताना दिसला, तर तो त्या वेळी कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारावे. लेफ्टनंट कर्नल हुसेन हरमूश यांनी जून 2011 मध्ये उघडपणे सैन्य सोडले आणि ते तुर्कस्तानात गेले. ऑगस्टअखेर ते तिथून बेपत्ता झाले आणि सप्टेंबरमध्ये सीरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर कबुलीजबाब देताना दिसले. कैदेत असलेल्या माणसाचे असे निवेदन त्याच्या मताचा पुरावा म्हणून कधीही वापरू नये. त्यातून तो कोणाच्या हाती सापडला आहे, एवढेच सिद्ध होते.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: बाजू बदलली त्या दिवशी त्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली प्रत्यक्ष कोण होते? हुद्दा आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनाफ त्लास हे 1972 ते 2004 एवढा दीर्घ काळ संरक्षणमंत्री राहिलेल्या मुस्तफा त्लास यांचे पुत्र आणि असाद यांचे तरुणपणापासूनचे मित्र होते, म्हणून त्यांचे जाणे राजवटीला मानहानीकारक ठरले. पण देश सोडण्यापूर्वी बरेच महिने ते प्रत्यक्ष कारवाईपासून बाजूला पडलेले होते. ते पॅरिसला पोहोचले, त्यांच्यामागून त्यांची ब्रिगेड आली नाही. येमेनमध्ये मात्र निराळे चित्र दिसले. 18 मार्च 2011 रोजी साना या राजधानीत सरकारविरोधी निदर्शकांवर गोळीबार होऊन पन्नासच्या आसपास माणसे मारली गेल्यावर, 21 मार्च रोजी जनरल अली मोहसीन अल-अहमर यांनी आंदोलनाला पाठिंबा जाहीर केला, आणि ते ज्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख होते तिचे सैनिक निदर्शकांच्या चौकाभोवती पहाऱ्याला उभे राहिले. त्यांनी देश तर सोडला नाहीच, राजधानीही सोडली नाही. तरीसुद्धा राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह लगेच कोसळले नाहीत, कारण रिपब्लिकन गार्ड त्यांच्या मुलाच्या ताब्यात होता आणि तो फुटला नाही. सत्तांतर व्हायला फेब्रुवारी 2012 उजाडला. म्हणून काय फुटले याची नोंद करताना काय शाबूत राहिले याचीही नोंद त्याच ओळीत करावी.

हे ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे नकाशा. अधिकारी सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेला असेल, तर बहुतेक वेळा तो एकटा किंवा कुटुंबासह गेलेला असतो. तो आपल्या ठाण्यावरच उभा राहून बाजू बदलत असेल, तर त्याच्यासोबत पलटण, शस्त्रागार आणि एखादे गाव किंवा रस्ता गेलेला असण्याची शक्यता मोठी. डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानच्या आठव्या डिव्हिजनचे प्रमुख पीटर गादेत यांनी जोंगलेई प्रांतात बंड केले आणि काही दिवसांतच प्रांताची राजधानी बोर बंडखोरांच्या हाती गेली. याच प्रांतातील अकोबो येथे संयुक्त राष्ट्रांच्या तळावर त्याच आठवड्यात झालेल्या हल्ल्यात दोन भारतीय शांतिसैनिकांना प्राण गमवावे लागले. अशा देशात आपले माणूस असेल, तर एखादा सेनाधिकारी ठाण्यासकट फुटल्याची बातमी ही ताबडतोब दूतावासाशी संपर्क साधण्याची वेळ समजावी, कारण त्यानंतर विमानतळ आणि महामार्ग किती दिवस खुले राहतील याचा भरवसा नसतो.

कुटुंब कुठे आहे, हेही पाहावे. सैन्य सोडणाऱ्या अधिकाऱ्याचा सूड त्याच्या घरच्यांवर उगवला जाण्याचा धोका असतो, म्हणून अनेकजण आधी बायकामुलांना बाहेर काढतात आणि मग तोंड उघडतात. जे अधिकारी मनाने दुरावूनही गप्प राहतात त्यांना भित्रे ठरवण्यापूर्वी आपण ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्याचबरोबर जमातीचा, पंथाचा आणि गावाचा संबंध तपासावा. सीरियात फुटलेले अधिकारी मुख्यतः सुन्नी होते, तर ज्या तुकड्यांवर राजवटीची खरी भिस्त होती त्यांतील मोक्याच्या जागांवर असाद यांच्याच अलवी पंथाचे अधिकारी होते, आणि त्यामुळे फुटणाऱ्यांची संख्या वाढूनही सैन्याचा कणा मोडला नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळावे, कारण बातम्यांमध्ये या बाजूची सर्वांत कमी चौकशी होते: बंडखोरांनी त्या अधिकाऱ्याला स्वीकारले का? या प्रश्नासाठी लिबियाच्या जनरल अब्दुल फताह युनूस यांचे उदाहरण बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. 1969 मध्ये ज्या उठावातून मुअम्मर गडाफी सत्तेवर आले, त्या उठावापासून ते गडाफींचे सहकारी होते आणि 2011 मध्ये गृहमंत्री होते. फेब्रुवारी 2011 मध्ये बेंगाझीतील बंड मोडण्याची कामगिरी त्यांच्याकडे असतानाच ते बंडखोरांना मिळाले. त्यांच्यासोबत प्रशिक्षित सैनिक आले, पूर्व लिबियातील ओबैदी जमातीचे बळ आले आणि गडाफींच्या सैन्याची अंतर्गत माहिती आली, म्हणजे वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीवर ही बातमी वजनदार होती. तरीही ज्या तरुणांनी स्वतःच्या गाड्यांवर तोफा बसवून लढाई सुरू केली होती, त्यांच्यातील अनेकांचा चाळीस वर्षे राजवटीत वावरलेल्या या माणसावर विश्वास बसला नाही, आणि त्या राजवटीच्या तुरुंगांतून सुटून आलेल्या इस्लामी गटांचा तर मुळीच नाही. त्यातच अनेक वर्षांपूर्वी गडाफींविरुद्ध जाऊन अमेरिकेत राहिलेले खलिफा हफ्तार मार्चमध्ये परतले आणि सैन्याचे नेतृत्व नेमके कोणाकडे, यावर उघड वाद झाला. 28 जुलै 2011 रोजी आघाडीवरून चौकशीसाठी बोलावून घेतलेले युनूस दोन सहकाऱ्यांसह मारले गेले आणि ते गडाफींच्या नव्हे, तर बंडखोरांच्याच बाजूच्या सशस्त्र माणसांकडून मारले गेल्याचे त्या बाजूच्या मंत्र्यानेच सांगितले. त्यांच्या जमातीचे संतप्त लोक बेंगाझीच्या रस्त्यांवर उतरले आणि ऑगस्टमध्ये बंडखोरांना आपले कार्यकारी मंडळ बरखास्त करावे लागले.

यावरून वाचकाने असे करावे की, नव्या बाजूने त्या अधिकाऱ्याला कोणते पद दिले, त्या पदावर आधी कोण होते, आणि आघाडीवरचे गट त्याचे हुकूम पाळतात का, या तीन गोष्टींचा शोध घ्यावा. नुसते स्वागताचे भाषण आणि गळाभेटीचे छायाचित्र पुरेसे नाही.

त्या अधिकाऱ्याचा भूतकाळही पुसला जाऊ देऊ नये, आणि याबाबत मला तडजोड मान्य नाही. बाजू बदलण्याआधी त्याच्या हुकमाने गोळीबार, छळ किंवा गावांची जाळपोळ झाली असेल, तर ज्यांची माणसे गेली त्यांच्यासाठी ती घटना त्याच्या नव्या घोषणेने संपत नाही. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना त्याने कोणत्या काळात कोणते पद भूषवले आणि त्या काळात तिथे काय घडले, याची एक तरी ओळ असावी. पीटर गादेत यांनी आयुष्यात अनेकदा बाजू बदलली. 2011 मध्ये त्यांनी बंड केले, त्याच वर्षी सरकारशी जुळवून घेतले आणि 2013 मध्ये पुन्हा बंड केले. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांच्यावर निर्बंध लादले. अशा माणसाच्या प्रत्येक नव्या घोषणेसोबत त्याच्या आधीच्या घोषणांच्या तारखा छापल्या, तर वाचकाला निराळे भाष्य लागत नाही.

शेवटी, पहिल्या दिवशी निष्कर्ष न काढता वहीत तारीख टाकून चार-सहा आठवडे नोंदी ठेवाव्यात. त्याच्या हाताखालचे कर्नल आणि मेजर त्याच्यामागून गेले का? सरकारने त्याच्या जागी कोणाला नेमले आणि त्याच्या जुन्या तुकडीला आघाडीवरून हलवले का? हलवले असेल, तर सरकारचा त्या तुकडीवरचा विश्वास उडाला आहे असे समजायला जागा आहे. सैनिकांचा पगार, इंधन आणि दारूगोळा आता कुठून येतो, कारण फुटलेल्या पलटणीला रसद मिळाली नाही तर ती काही महिन्यांत विरघळते. आणि तो अधिकारी स्वतः कुठे दिसतो: आघाडीवर, की परदेशातल्या हॉटेलात भरलेल्या परिषदेत?