चार्ल्स्टन-सव्हाना बसने : आधी पत्रक नीट वाचा

अमेरिकेत मुलांकडे जाणारी आपली मंडळी नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन उरकतात आणि उरलेला वेळ नातवंडांची शाळा सुटायची वाट बघतात. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे असाल तर दक्षिणेकडची एक ग्रुप टूर बसने कराच. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन आणि जॉर्जियातलं सव्हाना ही दोन गावं पुरेशी आहेत, वेळ असेल तर फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन. मुलांच्या सुट्टीवर अवलंबून राहायचं कारण नाही. अशा बसमध्ये बहुतेक प्रवासी निवृत्तच असतात. मी आणि माझी नणंद दोघीच गेलो, कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

मी इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे टूर कंपनीच्या पत्रकातली क्रियापदं आधी तपासते. ‘आत जाऊ’ म्हणजे तिकिटासकट प्रवेश. ‘थांबू’ म्हणजे फोटोपुरतं. ‘पॅनोरॅमिक टूर’ म्हणजे बसच्या काचेतून दर्शन. चार्ल्स्टनच्या जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद, मोठ्या बसला सगळीकडे जाताच येत नाही. म्हणून तिथे किती तास पायी आहे, हे विचारा. स्थानिक गाइडबरोबर निदान दोन तासांची पायी फेरी नसेल तर ती टूर सोडा. दुसरी मेख हॉटेलची. ‘चार्ल्स्टन एरिया’ असं मोघम लिहिलं असेल तर हॉटेल हमरस्त्याकडेला असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे संध्याकाळी खिडकीतून उभ्या गाड्या बघत बसावं लागतं. हॉटेलचा पत्ता मागा, नकाशावर बघा, थोडे जास्त डॉलर गेले तरी जुन्या गावातलंच घ्या. दोन्ही गावी दोन-दोन मुक्काम हवेत.

तारखा मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. अझेलियाची फुलं तेव्हा ऐन भरात असतात आणि उन्हाळ्याचा घामटपणा सुरू झालेला नसतो. १७ मार्चच्या आसपास मात्र सव्हाना टाळा. सेंट पॅट्रिक या आयरिश सणाच्या मिरवणुकीला तिथे एवढी झुंबड उडते की खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. पाइनचे पिवळे परागकणही याच दिवसांत उडतात. गाड्यांवर हळद सांडल्यासारखा थर बसतो. दमा किंवा ॲलर्जी असेल तर नेहमीची औषधं पिशवीत असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको.

चार्ल्स्टन १६७० सालचं. घरं रस्त्याकडे पाठ नाही, पण कूस करून उभी. रस्त्याकडे अरुंद बाजू आणि लांबलचक व्हरांडा बाजूच्या अंगणाकडे. फिरताना जुन्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील. १८८६च्या भूकंपानंतर घरं आवळून धरायला भिंतीतून सळया आरपार घातल्या, त्यांची ही टोकं. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ला इथल्या बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर डागली गेली. तिथे बोटीने जाऊन-येऊन सव्वादोन तास लागतात. पत्रकात ही बोट नसेल तर मोकळ्या वेळेत स्वतः तिकीट काढा.

पण या गावात खरी पारख गाइडची होते. झुंबरं, चांदीची भांडी आणि मालकिणींची नावं सांगून तो थांबला, तर विचारा की हे पुसत कोण होतं, स्वयंपाक कोण करत होतं आणि ते झोपत कुठे होते. चांगला गाइड खुलतो. चामर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम छोटं आहे, तिथे माणसांचे लिलाव होत. जहाजांतून गुलाम उतरवले जात त्या गॅड्सडेन्स व्हार्फवर २०२३मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं आहे. त्याला अर्धा दिवस द्या. प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या कष्टावर चाललेला जुना मळा, एकच बघायचं असेल तर मी मॅक्लाउड सांगेन, कारण तिथे गुलामांची हकीकत मुख्य असते, बागा नंतर. नुसत्या फुलांसाठी मॅग्नोलिया.

या सगळ्या श्रीमंतीच्या मुळाशी भात आहे. कोकणातल्या खारजमिनीची उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही शेती लगेच समजेल. आपण बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवतो. इथे भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वर चढलं की लाकडी दारं उघडून ते खाचरात घेत आणि ओहोटीला सोडून देत. हे बांध घातले ते पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून धरून आणलेल्या लोकांनी. त्यांच्या वंशजांना गला-गीची म्हणतात. सिटी मार्केटमध्ये त्यांच्या बायका स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या विणत बसतात. गवताची जुडी गोल वळवत न्यायची, चमच्याच्या घासलेल्या दांड्याने त्यात भोक पाडायचं, त्यातून पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पानाची पट्टी ओढून टाका घट्ट करायचा. लहानशी वस्तूही स्वस्त नसते, मोठी टोपली शेकडो डॉलरच्या घरात जाते. तिथे घासाघीस करू नका आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

चार्ल्स्टनहून सव्हाना दोन-अडीच तास. वाटेत ब्यूफर्टला थांबणारी टूर असेल तर ती घ्या. सव्हानाची आखणी जेम्स ओगलथॉर्पने १७३३मध्ये केली. छोट्या बागांसारख्या मूळच्या चोवीस चौकांपैकी बावीस शिल्लक आहेत. गुडघे दुखत असले तरी हे गाव जमतं. बुल स्ट्रीट धरून नदीकडून फॉर्सिथ पार्ककडे निघा, थोड्या थोड्या अंतरावर चौक, ओकची सावली आणि बाक. फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या झिपऱ्या म्हणजे स्पॅनिश मॉस, अननसाच्या कुळातली वनस्पती. जमिनीवर पडलेली उचलू नका, त्यात चावरे किडे असतात. रिव्हर स्ट्रीटला उतरणाऱ्या दगडी पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत आणि खाली गोटे. चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूटच हवेत. डिसेंबर १८६४मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मनने हे शहर जिंकून लिंकनला तारेने नाताळची भेट म्हणून देऊ केलं होतं. गाइड हे सांगणारच.

सेंट ऑगस्टीन १५६५ सालचं, शंखशिंपल्यांच्या कोकीना दगडाचा किल्ला बघण्यासारखा आहे. पण सव्हानाहून तिकडे जाऊन येण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. मुक्काम नसेल तर नको.

शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. कोलार्डच्या पालेभाजीत डुकराचं मांस, शेंगांत बेकन, ग्रिट्समध्ये, म्हणजे मक्याच्या कण्यांच्या लापशीत, कधी कोंबडीचा रस्सा, बिस्किटात (म्हणजे इथल्या मऊ पावात) लार्ड, डुकराची चरबी. पदार्थागणिक विचारा. नणंदेने भेंडी बघून आनंदाने ताट ओढलं, वेटरने वेळीच सांगितलं की त्यात कोळंबी आहे. चहा ‘अनस्वीट’ मागा, नाहीतर पाक येतो.

बसमध्ये जागा बऱ्याचदा रोज बदलतात, त्यावरून वाद घालू नका. ड्रायव्हरला कायद्याने दिवसाला दहा तासांहून जास्त चालवता येत नाही. तुम्ही दुकानात रेंगाळलात की पुढचा थांबा कापला जातो. टूर मॅनेजर आणि ड्रायव्हर यांची टिप वेगवेगळी, पाकिटात, शेवटच्या संध्याकाळी. ती भाड्यात धरली आहे का हे आधी बघा. आणि टूर कुठे संपते ते बघूनच विमानाचं तिकीट काढा. चार्ल्स्टनला सुरू होऊन सव्हानाला किंवा थेट फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला संपणाऱ्या टूर असतात, तिथे जाऊन-येऊन एकाच विमानतळाचं तिकीट काही कामाचं नाही.