महाराष्ट्रात राहतं घर विकायला कोणत्या महिन्यात काढावं

घर विकायला चांगला महिना कोणता, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ताबा कधी द्यायचाय? बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही भावंडांनी साताऱ्याचं आईवडिलांचं घर विकलं. म्हणजे घेणाऱ्याची घाई आणि विकणाऱ्याची घालमेल, दोन्ही जवळून पाहिलं. जाहिरात कधी द्यायची हा प्रश्न शेवटचा. आधी ताब्याची तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

शाळेत जाणारी मुलं असलेलं कुटुंब हे राहत्या घराचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. त्याआधी सामान लावून बसायचं तर ताबा मेच्या मध्यापर्यंत हवा. टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करणारी आगाऊ रक्कम, दिल्यापासून कर्जाचा चेक हातात पडेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. वकील तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल काढतो, घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर येऊन जातो, मग मंजुरी, मग कुठला तरी एक कागद कमी असतो. म्हणजे टोकन मार्चमध्ये, घर दाखवणं फेब्रुवारीत आणि जाहिरात संक्रांत झाली की लगेच. सीबीएसईच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. तशा शाळांचा भाग असेल तर हे सगळं महिना-दीड महिना आधी ओढा.

आता मार्चची गंमत. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले मालमत्तेचे, नवे दर १ एप्रिलला लागू होतात आणि मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेकनरची किंमत, यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. एजंट कानाशी लागतो, ‘ताई, एकतीसच्या आत उरकून टाका.’ त्याला शांतपणे सांगा की दस्तावर शुल्क भरून सह्या मार्चमध्ये झाल्या, तर नोंदणीला सही केल्यापासून चार महिने मिळतात. गर्दी ओसरल्यावर जा.

पण विकणाऱ्याने मार्चमध्ये सही करायची का, हा वेगळाच हिशोब आहे आणि तो फार कमी लोक करतात. घर विकून आलेल्या नफ्यावरचा कर वाचवायला तो नफा दुसऱ्या घरात घालायचा असतो. त्यासाठी विक्रीपासून दोन वर्षं मिळतात, बांधणार असाल तर तीन. पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे नोकरदार-निवृत्तांसाठी ३१ जुलैपर्यंत, जे पैसे वापरले गेले नाहीत ते बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात. विक्री २८ मार्चची असेल तर ही तारीख चार महिन्यांवर येते. तीच २ एप्रिलची झाली तर पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत, जवळजवळ सोळा महिने हातात राहतात. दादाला मार्चमध्येच मोकळं व्हायचं होतं. मी खरेदीखत आणि ताबा दोन्ही एप्रिलवर नेले. खरेदीदार थोडा कुरकुरला, पण त्याचं कर्जही एप्रिलमध्येच सुटणार होतं. दुसऱ्या घराऐवजी कर वाचवणारे भांडवली नफ्याचे रोखे घेणार असाल तर मात्र सहा महिन्यांची मुदत विक्रीच्या दिवसापासूनच मोजतात आणि मर्यादा ५० लाखांची. मार्च-एप्रिलच्या सीमेवर व्यवहार येत असेल तर सीएची फी वाचवू नका.

पावसाळ्यात घर दाखवू नये असं सगळे सांगतात. माझं मत घराच्या छतावर अवलंबून आहे. गच्ची गळत नसेल, भिंतीला ओल नसेल, तर जुलैत जरूर दाखवा. धो-धो पावसात कोरडी भिंत पाहिलेल्या गिऱ्हाइकाला आणखी काही पटवावं लागत नाही, आणि पावसात घर बघायला येणारा माणूस गंमत म्हणून आलेला नसतो. गळत असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा कौलांची शाकारणी एप्रिल-मेमध्ये उरका. आतला रंग त्यानंतर, तोही भिंत खडखडीत वाळली असेल तरच. गणपतीच्या आधी घाईने ओल्या भिंतीवर रंग मारणारे लोक मी दरवर्षी बघते. दिवाळीपर्यंत पोपडे निघतात, आणि गिऱ्हाईक पोपड्यापेक्षा त्यावरच्या नव्या रंगाला जास्त घाबरतं. फोटो मात्र पावसाळा सोडूनच काढा. हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

पितृपक्षात टोकन येत नाही. तुमचा विश्वास असो-नसो, समोरच्याच्या घरात एखादी आत्या असतेच. अधिक महिन्याचंही तेच. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे शाळेआधीच्या नेमक्या हंगामात. अशा वर्षी सगळं वेळापत्रक अक्षय्य तृतीयेच्या आसपास संपेल असं आखा. पौषात काही घरं गृहप्रवेश टाळतात, पण घर बघायला येतात, त्यामुळे तो महिना वाया जात नाही.

घटस्थापना ते दिवाळी पाडवा हा दुसरा हंगाम. सोसायटीतला फ्लॅट असेल तर तेव्हा काढा. जुनं स्वतंत्र घर असेल तर मी थांबेन. त्या दिवसांत बिल्डरांच्या पानभर जाहिराती असतात आणि तुमच्या जुन्या घराची तुलना नमुना फ्लॅटच्या चकचकीत किचनशी होते.

सरकारने मध्येच काही केलं तर ही सगळी दिनदर्शिका बाजूला ठेवायची. १ सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, ३१ डिसेंबरपर्यंत. पुढे मार्च २०२१ पर्यंत ते ३ टक्के होतं. त्या डिसेंबरात मुहूर्त कुणी विचारला नाही.

पाऊस हा खरं तर कागदांचा मोसम. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून वडिलांचंच नाव असेल तर घर कुठल्याच महिन्यात विकलं जात नाही. वारसनोंद, फेरफार, त्यावर हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस, जुन्या कर्जाचा बोजा उतरवणं, घरपट्टीची थकबाकी. हे जून ते सप्टेंबरमध्ये करा. फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेट नावावर करून घ्या. सोसायटीने हस्तांतर शुल्क २५ हजारांच्या वर मागितलं तर नियम दाखवा.

भावंडांपैकी कुणी परदेशात असेल तर तोही एक ऋतूच समजा. तो डिसेंबरात येणार, तीन आठवडे राहणार. तेव्हा सही नाही झाली तर कुलमुखत्यारपत्र. ते तिकडे करून पाठवलं तर इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराने कापायचा कर आपल्यासारखा १ टक्का नसतो, बराच जास्त असतो. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज त्याचं तिकीट काढल्याबरोबर करायचा.

घर रिकामं असेल तर चांगल्या हंगामाची वाट एका पावसाळ्यापेक्षा जास्त बघू नका. बंद घरात वाळवी आधी जाते, गिऱ्हाईक नंतर.

आणि ताब्याची तारीख इसारपत्रात तिथी बघून लिहा. आईला शेवटचा गणपती त्याच घरात बसवायचा असेल तर ताबा अनंत चतुर्दशीनंतर. पण त्यानंतर लगेच पितृपक्ष, त्यात खरेदीदार पाऊल टाकणार नाही, म्हणजे ताबा सरळ घटस्थापनेवर जातो. मधल्या पंधरवड्याचं लाइट बिल आणि पाणीपट्टी कुणी भरायची, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.