रिचार्ज, डीटीएच, ओटीटी: दोनदा पैसे भरायला लावणाऱ्या या चुका टाळा

चार माणसांच्या घरातून आज सहज दहा-बारा ठिकाणी पैसे जातात. चार मोबाइल, एक ब्रॉडबँड, डीटीएच किंवा केबल, दोन-तीन ओटीटी, फोटो ठेवायला घेतलेली क्लाउडची जागा, मुलांचं गाण्यांचं ॲप. रक्कम लहान असते, खाती वेगळी, तारखा वेगळ्या. त्यामुळे एकाच गोष्टीचे पैसे घरातले दोघं भरतात आणि ते एकमेकांना कळत नाही. आधी एक काम करा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास उघडा आणि प्रत्येक नोंदीची वर्षाची रक्कम कागदावर मांडा. महिन्याची मांडू नका. त्याचं कारण पहिल्या चुकीतच आहे.

२८ दिवसांना महिना धरणं

वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावा लागतो. समजा प्लॅन ३४९ रुपयांचा आहे. तेरा वेळचे झाले ४,५३७, म्हणजे महिन्याला खरा खर्च ३७८ रुपये. तेवढाच रोजचा डेटा देणारा ८४ दिवसांचा प्लॅन ८५९ ला मिळत असेल, तर त्याच ३६४ (तेरा गुणिले २८) दिवसांचे साधारण ३,७२२ रुपये होतात. एका नंबरमागे ८१५ रुपयांचा फरक, चार नंबरांचे ३,२६०. किमती बदलत राहतील, रीत बदलत नाही: किंमत भागिले दिवस, गुणिले ३६५. दोन प्लॅनची तुलना याच आकड्यावर करा.

पगार झाल्यावर ठरावीक तारखेलाच रिचार्ज करायचा असेल, तर तशी सोय आहे. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक प्लॅन ठेवावा, असा आदेश ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये दिला. हे प्लॅन यादीत खाली असतात, शोधावे लागतात.

किमतीइतकंच डेटाकडेही पाहा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा युसेज' उघडा आणि वायफाय सोडून फक्त मोबाइल डेटाचा महिन्याचा आकडा बघा. घरी ब्रॉडबँड आणि ऑफिसात वायफाय असलेल्या माणसाचा तो ८-१० जीबी निघाला, तर रोज २ जीबीचा प्लॅन त्याला २८ दिवसांत ५६ जीबी देतो. रोजचा उरलेला कोटा सहसा दुसऱ्या दिवशी मिळत नाही, रात्री बारा वाजता तो संपतो. अशा माणसाला पूर्ण मुदतीसाठी एकत्रित डेटा देणारा प्लॅन पुरतो. एक अपवाद लक्षात ठेवा. अमर्यादित ५जी बऱ्याचदा रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवरच मिळतं. घरी ब्रॉडबँड नसेल आणि परिसरात ५जी नीट चालत असेल, तर मोठा प्लॅन घेऊन ब्रॉडबँड टाळणं स्वस्त पडू शकतं.

एकच मालिका दोन वाटांनी विकत घेणं

सर्वात जास्त पैसे इथे जातात, म्हणून इथे थांबून नीट पाहा. झी मराठीच्या मालिका झी५ वर असतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. आई संध्याकाळी सातला टीव्हीवर मालिका बघते आणि सून तीच मालिका रात्री मोबाइलवर बघते, तेव्हा घर एकाच वाहिनीचे पैसे दोनदा भरत असतं. ठरवायचा प्रश्न एवढाच: टीव्हीसमोर ठरलेल्या वेळी बसणारं माणूस घरात आहे का? असेल, तर डीटीएच ठेवा आणि त्या वाहिनीचं ओटीटी सोडा. नसेल, तर उलट करा. ज्येष्ठांना रिमोटवरचा वाहिनीचा नंबर पाठ असतो, ॲप उघडून शोधायला लावलं की त्यांचं बघणंच बंद होतं. त्यांच्यासाठी डीटीएच ठेवणं योग्य आहे, तिथे काटकसर करू नका.

ओटीटीची दुसरी दुहेरी भरणी बंडलमुळे होते. मोबाइल रिचार्जसोबत ओटीटी मिळतं, ब्रॉडबँडसोबत तेच मिळतं आणि शिवाय कुणीतरी कार्डावरून वार्षिक घेतलेलं असतं. बंडलमधलं सबस्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होत नाही. ज्या नंबरवर रिचार्ज झाला, त्याच नंबरने ओटीपी घालून लॉगिन करावं लागतं. दुसऱ्या नंबरने लॉगिन केलं की ॲप पैसे मागतं आणि लोक भरतात. आणखी एक फसगत म्हणजे बंडलमध्ये अनेकदा फक्त मोबाइलवर चालणारी आवृत्ती असते, ती टीव्हीवर उघडत नाही. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅनही असाच आहे. तो फोन किंवा टॅबवर आणि एका वेळी एकाच पडद्यावर चालतो. म्हणून 'ओटीटी मोफत' वाचल्यावर तीन गोष्टी तपासा: टीव्हीवर चालतं का, एका वेळी किती पडदे, जाहिराती आहेत का.

डीटीएचच्या पॅकमध्येही दुहेरी वाहिन्या सापडतात. पॅकची पूर्ण यादी ॲपमध्ये उघडा. एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपं दिसली, तर एक काढा. एचडी वाहिनी महाग असते. मग घरात गेल्या महिन्यात खरोखर लावलेल्या वाहिन्या लिहा. बहुतेक घरांत हा आकडा पंधराच्या आत येतो. त्या वाहिन्या सुट्या घेतल्या तर किती आणि छोट्या गुच्छात किती, हे दोन्ही बघा. तीन-चार वाहिन्या एकाच समूहाच्या असतील तर गुच्छ स्वस्त पडतो, एकच हवी असेल तर सुटी. फक्त सह्याद्री, बातम्या आणि जुने चित्रपट पुरत असतील, तर डीडी फ्री डिशला मासिक शुल्कच नाही. डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा एकदाचा खर्च येतो. मात्र सशुल्क वाहिन्या त्यावर नसतात. बॉक्स आणण्याआधी वाहिन्यांची ताजी यादी घरातल्या ज्येष्ठांना दाखवा.

क्रिकेटसाठी वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेण्यापूर्वी हिशोब करा. आयपीएल साधारण दोन महिने चालते. एरवी ते ॲप घरात कुणी उघडत नसेल, तर तेवढ्यापुरतं मासिक किंवा तिमाही घ्या. मालिका-चित्रपटांच्या ॲपचंही तसंच: एका वेळी एकच ठेवा, बघायचं ते संपलं की बंद करून दुसरं घ्या. तुमची यादी आणि खातं बहुतेक ठिकाणी जपून ठेवलेलं असतं.

ॲप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं समजणं

ॲप अनइन्स्टॉल केल्याने पैसे कापणं थांबत नाही. एक-दोन रुपयांच्या ट्रायलला होकार देताना आपण यूपीआय ऑटोपेचा मॅन्डेट, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करतो आणि तो बँकेकडे जिवंत राहतो. बंद करायचं ते या क्रमाने:

१. आधी सेवेच्या स्वतःच्या खात्यात जाऊन रद्द करा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअर, प्रोफाइलचं चित्र, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', 'सबस्क्रिप्शन्स'. आयफोनवर सेटिंग्ज, वरचं आपलं नाव, 'सबस्क्रिप्शन्स'.
२. मग यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलमधलं 'ऑटोपे' उघडा आणि तोच मॅन्डेट तिथेही रद्द करा. घरात दोन यूपीआय ॲप असतील तर दोन्ही बघा.
३. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा सहसा चालूच राहते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती एसएमएसच्या गर्दीत हरवते. मॅन्डेट मंजूर करतानाच दोन ओळी वाचा: कमाल रक्कम आणि किती वेळा. ट्रायल दोन रुपयांची असली तरी कमाल रक्कम कितीतरी मोठी लिहिलेली असते. रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड करणं हा २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणारी रचना, आहे. सेवेने ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. कॉलर ट्यूनसारखी न मागितलेली सेवा मोबाइलवर चालू झाली असेल, तर १५५२२३ वर कळवून ती बंद करता येते.

वेग कमी वाटला की महाग ब्रॉडबँड घेणं

४के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सुचवते, फुल एचडीसाठी ५. चौघांच्या घराला ५० एमबीपीएस भरपूर होतात. आतल्या खोलीत चित्र अडकतं ते बहुधा वायफायमुळे. लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडून वेग मोजा. तिथे पूर्ण वेग आला, तर राउटर टीव्हीच्या मागून किंवा कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. जवळच्या टीव्हीला राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय द्या, भिंतीपलीकडच्या फोनला २.४. किंमत बघताना करही जोडा: ब्रॉडबँडच्या जाहिरातीतल्या ४९९ वर १८ टक्के जीएसटी लागून ५८८.८२ होतात, तर प्रीपेड मोबाइलच्या किमतीत कर धरलेला असतो.

क्लाउडची जागा विकत घेण्याआधी गुगलची मोफत १५ जीबी कशाने भरली ते बघा. मेल, ड्राइव्ह, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप, सगळं त्यातच मोजलं जातं. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले की पुष्कळदा जागा मोकळी होते. तरीही घ्यायची असेल तर घरात एकानेच घ्या आणि इतर पाच जणांसोबत वाटा.

दुसरं सिम घाईने सोडणं

आजोबांचा फक्त कॉलपुरता फोन किंवा बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेलं सिम यांच्यावर डेटाचा प्लॅन नको. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन सक्तीचे केले आणि अशा प्लॅनची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. कंपनी महाग वाटत असेल, तर नंबर तोच ठेवून बदला: इंग्रजीत PORT, एक मोकळी जागा, मग नंबर असा संदेश १९०० वर पाठवा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत.

सिम कायमचं सोडायचं असेल, तर आधी बँक, आधार, पीएफ, गॅस बुकिंग, डिजिलॉकर आणि व्हॉट्सॲप या सगळीकडे नवा नंबर लावा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि तुमच्या खात्याचे ओटीपी मग त्याच्या फोनवर जातील.