कणीस आणल्या दिवशीच खावे

नव्याने इथे परदेशात आलेल्या आपल्या मंडळींकडे जेवायला गेले की, हौसेने आणलेली, चार दिवस ओट्यावर राहिलेली आणि मग कुकरला लावलेली कणसे पानात येतात, आणि इथल्या गोड मक्याला चवच नाही अशी तक्रारही सोबत ऐकावी लागते. पहिल्या वर्षी माझीही हीच तक्रार होती. एकदा मी दोन डझन कणसे घेतली, ती दुपारभर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिली, पुढे तीन दिवस ओट्यावर पडली आणि पाहुणे आले तेव्हा मी ती चार शिट्ट्या काढून वाढली. दाणे पिठूळ आणि चिवट झाले होते. पाहुण्यांनी अर्धी अर्धी कणसे तशीच ठेवली आणि उरलेली सगळी मला टाकून द्यावी लागली.

कणीस रोपावरून तोडल्याबरोबर दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते, आणि उष्णता जितकी अधिक तितका हा वेगही अधिक असतो. साध्या जातीच्या कणसातली निम्म्याहून जास्त साखर 30 अंश सेल्सिअसला एका दिवसात जाते, तर शून्याच्या आसपास ठेवल्यास त्याच दिवसात फारच थोडी जाते. सुपरस्वीट म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींत गोडी अधिक दिवस टिकते हे खरे, पण समोरचे कणीस कोणत्या जातीचे आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. म्हणून कणसे खरेदीच्या शेवटी घ्यावीत, सरळ घरी न्यावीत आणि सालासकट फ्रिजमध्ये ठेवावीत. डिकीत ठेवून आणखी चार कामे उरकायला जाऊ नये, हे मी पुन्हा सांगतो.

निवडताना साल हिरवी, ओलसर आणि कणसाला घट्ट बिलगलेली असावी, देठाचा कापलेला भाग वाळलेला नसावा, आणि टोकाचे केस तपकिरी व किंचित चिकट असावेत; काळे आणि बुळबुळीत झालेले केस म्हणजे शिळे कणीस. आपली काही मंडळी ढिगातले प्रत्येक कणीस अर्धे सोलून पाहतात आणि नापसंत ठरलेले परत टाकतात. इथे कोणी तोंडावर बोलत नाही, पण सोललेले कणीस लवकर सुकते आणि ते मागून येणाऱ्याच्या माथी पडते. सालीवरूनच अंगठा टोकापर्यंत फिरवला तर दाण्यांच्या भरीव ओळी कळतात, आणि मध्येच खड्डा लागला तर तिथे दाणे भरलेले नाहीत असे समजावे. प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो आणि ज्या केसातून पराग पोचत नाही त्याचा दाणा धरत नाही, म्हणून असे खड्डे राहतात. घरी आल्यावर एका दाण्यात नख रोवून पाहावे. दुधासारखा चीक उडाला तर कणीस नेमक्या वेळी तोडलेले आहे. नुसते पाणी निघाले तर ते कोवळे आहे, आणि घट्ट पीठ लागले तर जून झाले आहे.

शिजवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाण्याला खळखळून उकळी आली की सोललेली कणसे सोडावीत आणि तीन ते पाच मिनिटांत बाहेर काढावीत. मीठ वरून लावावे. टणक मक्याला कुकर ठीक आहे, या गोड मक्याला नाही.

जास्त कणसे आणलीच असतील तर ती त्याच दिवशी चार मिनिटे उकळून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावीत आणि दाणे सुरीने कापून, कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. कापताना सुरी दाण्याच्या मुळाशी नेऊ नये, नाहीतर मधल्या दांड्याचा कोंडा दातात येतो.