चरबी कमी करायची तर ताटाचं गणित कसं मांडावं

चरबी कमी होते ती रोज खर्चापेक्षा थोडं कमी खाल्ल्याने. किती वाजता खाल्लं किंवा अमुक पदार्थ सोडला, याने फरक पडतो तो एकूण कॅलरी कमी झाल्या तरच. म्हणून आधी आपला खर्च काढा.

विश्रांतीतला खर्च असा: वजन (किलो) गुणिले 10, अधिक उंची (सेंमी) गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. पुरुषांनी त्यात 5 मिळवावेत, स्त्रियांनी 161 वजा करावेत. बैठं काम असेल तर उत्तराला 1.2 ने गुणा, थोडी हालचाल असेल तर 1.375 ने. 70 किलो, 165 सेंमी, 35 वर्षांच्या स्त्रीचा आकडा 1,395 येतो. थोडी हालचाल धरली तर दिवसाला साधारण 1,900. त्यातून 400 वजा करा, म्हणजे 1,500. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, त्यामुळे या तुटीने आठवड्याला साधारण 350 ग्रॅम चरबी जाते. वेग कमी वाटेल, पण तूट हजारावर नेली तर भूक आवरत नाही आणि चरबीबरोबर स्नायूही झिजण्याचा धोका वाढतो.

स्नायू टिकवायचे तर प्रथिने कमी करू नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे वरच्या उदाहरणात 112 ग्रॅम. वजन फार जास्त असेल तर आजच्याऐवजी गाठायच्या वजनावर हिशेब करा. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि त्यांच्या कॅलरींपैकी 20 ते 30 टक्के ती पचवण्यातच खर्च होतात. इथे एक चूक नेहमी होते: शेंगदाणे प्रथिनांचा मुख्य स्रोत समजून खाल्ले जातात. 100 ग्रॅममध्ये प्रथिने 25 ग्रॅम असतात खरी, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर जातात. अंडी, मासे, चिकन, कमी स्निग्धांशाचं दही, सोयाबीन आणि डाळी यांत हा व्यवहार कॅलरींच्या हिशेबाने बराच स्वस्त पडतो. सोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच. त्याशिवाय नुसती प्रथिने पुरी पडत नाहीत.

स्निग्ध पदार्थ 50 ग्रॅमच्या आसपास ठेवा, त्याच्या फार खाली जाऊ नका. वरच्या उदाहरणातल्या 1,500 मधून प्रथिनांच्या साधारण 450 आणि स्निग्ध पदार्थांच्या 450 कॅलरी गेल्या की उरलेल्या 600 कॅलरी, म्हणजे 150 ग्रॅम, कर्बोदकांना. भाज्या भरपूर घ्या.

हिशेब सर्वांत जास्त बिघडतो तो तेलात. 15 मिलिलिटरचा एक चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. बाटलीतून अंदाजाने ओतलं की दोन चमचे कधी पडले ते कळतही नाही आणि दिवसाच्या तुटीतला मोठा वाटा तिथेच संपतो. कढई वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि मगच तेल ओता. दुसरी गडबड कच्च्या-शिजलेल्याची. धान्य, डाळी शिजताना पाणी शोषून अडीच-तीनपट जड होतात. शिजलेलं मोजून कच्च्याच्या कॅलरी लावल्या तर उपाशी राहाल, उलट केलं तर तूट उरणार नाही. शक्यतो कच्चंच मोजा. चव घेताना तोंडात गेलेलं आणि गोड पेयंही वहीत यायला हवीत.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. मात्र तुलना करा ती सात दिवसांच्या सरासरीचीच. साठवलेल्या कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारं वजन बरंचसं या पाण्याचं असतं. खारट जेवणानंतर किंवा पाळीच्या आधी काटा वर जातो, तोही पाण्यामुळेच.

तीन आठवडे सरासरी हलली नाही तर आधी मोजमाप तपासा. ते चोख असेल तर दिवसाला 100 ते 150 कॅलरी कमी करा किंवा चालणं वाढवा, आणि पुढचे दोन आठवडे आकडा बदलू नका. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात आणि खाण्याशी निगडित मानसिक आजारात हा तुटीचा हिशेब लावू नका.