हल्ल्याच्या प्रसंगी: अंतर, हात आणि सुटकेची वाट

प्रशिक्षणवर्गातला जोडीदार ठरलेल्या अंतरावरून आणि ठरलेल्या वेळी वार करतो. खरा हल्लेखोर मात्र वेळ किंवा पत्ता विचारत जवळ येतो आणि आपण उत्तर देण्यात गुंतलेले असतानाच हात उगारतो. त्यामुळे स्वसंरक्षणाचा विचार ठोशापासून नव्हे, तर अंतरापासून सुरू करावा. अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात ओलांडू शकतो. एवढ्या वेळात धोका ओळखणेही अनेकांना जमत नाही.

अनोळखी व्यक्ती विनाकारण जवळ सरकू लागली, तर एक पाऊल मागे तिरके घ्यावे, दोन्ही तळहात उघडे ठेवून छातीच्या उंचीवर आणावेत आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात ‘तिथेच थांबा’ असे सांगावे. ही मुद्रा पाहणाऱ्याला भांडणाची वाटत नाही, पण हात डोक्याच्या बचावासाठी तयार राहतात. त्याच वेळी बाहेर पडण्याची वाट आणि समोरच्याचे दुसरे साथीदार नजरेने शोधावेत, कारण भीतीने अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक वाढले की नजर एकाच बिंदूवर खिळते, आवाज कमी ऐकू येतात आणि बोटांची बारीक कामे बिघडतात. मनगट पिरगळण्याच्या नाजूक युक्त्या अशा वेळी फसतात, त्या याचमुळे.

पाकीट मागितले, तर ते देऊन टाकावे. वस्तूसाठी जखम पत्करणे हा शहाणपणा नव्हे. गाडीत बसण्यास किंवा आडजागी चलण्यास सांगितले, तर प्रश्न वेगळा होतो, कारण तिथे मदत मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते. अशा वेळी प्रतिकार पहिल्याच जागी, आरडाओरडा करत करणे बहुधा अधिक योग्य ठरते.

वार करावाच लागला, तर मुठीऐवजी तळहाताचा खालचा भाग वापरावा. कवटीवर मूठ आपटल्याने हाताचीच हाडे मोडतात, ही गोष्ट मारामारीच्या दृश्यांत कधी दिसत नाही. हनुवटी खाली ठेवावी आणि पाय घट्ट रोवावेत, कारण ठोशाइतकेच धोकादायक असते ते डोके जमिनीवर आपटणे. पडल्यास डोके हातांनी झाकून, पाय हल्लेखोराकडे ठेवून लाथांनी अंतर राखावे आणि संधी मिळताच उठावे. समोरचा मागे हटला की थांबून निघावे. धोका संपल्यावरचा वार हा बचाव राहत नाही, आणि बळ धोक्याच्या प्रमाणात असावे, हे तत्त्व बहुतेक कायद्यांत आढळते.

सुरक्षित जागी पोहोचल्यावर आधी स्वतःचे अंग तपासावे. ताणामुळे वेदना दबते आणि चाकूची जखम पुष्कळदा केवळ धक्का लागल्यासारखी जाणवते. म्हणून मान, काखा, पाठ आणि जांघा हाताने चाचपून तळव्याला रक्त लागते का ते पाहावे, रक्त असल्यास त्यावर कापड घट्ट दाबून धरावे आणि मगच मदतीसाठी फोन करावा, किंवा जवळ कोणी असल्यास त्याला करायला सांगावा.